उसनी सुई

दिवा राहू द्या, पोरांनो. बंद करायची गरज नाही. ही रचलेली गोष्ट नव्हे, माझ्या वहीत लिहून ठेवलेलं आहे. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. एखादी वेळ मी चुकीची सांगितली असं निघालं, तर उद्यापासून घड्याळाचं दुकान बंद.

माझ्या दुकानाच्या शेजारच्या गाळ्यात तेव्हा एक जण बसायचा. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे गेलेले फोटो, कागदपत्रं परत काढून द्यायचा. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. चाळिशीचा, कामाला पक्का, हात माझ्याहून स्थिर. माझा चिमटा, माझं भिंग न विचारता घेऊन जायचा आणि परत आणायला मात्र मलाच जावं लागायचं. त्या संध्याकाळी सात वाजता मी चिमट्यासाठीच गेलो.

समोर शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. टेबलावर काळी डिस्क, तिच्याखाली घडी घातलेला रुमाल. लहान मूल निजवावं तशी ठेवलेली.

"टेबल पुसताना पडली," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातून."

"बॅकअप?"

"हे विचारणारे तुम्ही पाचवे."

डॉक्टर ओशाळला. मग बाईंनी सांगितलं. वडिलांना विस्मरणाचा आजार. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण ते त्यांच्या लक्षात राहत नाही. अंधार पडला की विचारतात, ती कुठे गेली? स्क्रीनवर आईचा फोटो लावून दिला की समोर बसून मुकाट्याने जेवतात, झोपतात. जुन्या अल्बमना वाळवी लागली म्हणून बाईंनी सगळं स्कॅन करून अल्बम टाकून दिले होते. फोन भरला की त्यातले फोटोही याच डिस्कमध्ये टाकायचे.

"पडली त्याला नऊ दिवस झाले," बाई म्हणाल्या. "नऊ रात्री ते दार उघडून उंबऱ्यात उभे आहेत. बसा म्हटलं तर म्हणतात, ती आली आणि दार लावलेलं असलं तर? मला सगळे नकोत हो. आईचा चेहरा दिसेल असे चार मिळाले तरी..."

"शनिवारी या," डॉक्टर म्हणाला.

आता यातलं थोडं समजून घ्या. डिस्कच्या आत चकती असते, आरशासारखी. फोटो त्या चकतीवर. तिच्यावरून एक बारीक सुई फिरते आणि वाचते.

"सुई नाही मामा, हेड म्हणतात त्याला."

म्हणत असतील. तुझ्या वयाची माणसं सगळ्याला काहीतरी म्हणतात. ती सुई मोडली की त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधली सुई काढून बसवायची. उसनी. सुईला स्वतःचं काही आठवत नसतं, ती फक्त वाचते. निदान डॉक्टर मला तसं सांगायचा.

त्याने फळीवरून एक डिस्क काढली. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि लाल शाईत लिहिलेलं होतं, 'गेली'. मी ती ओळखली. दोन वर्षांपूर्वी एक ट्रक ड्रायव्हर घेऊन आला होता. मी तेव्हा तिथेच होतो. त्याची बायको वारली होती आणि तिचे सगळे फोटो त्यात. तो हसत हसत सांगत होता, "साहेब, शंभर फोटो असतील. नव्वदांत नुसता तळहात आहे. कॅमेरा काढला की हिचा हात पुढे. मला आपले ते दहा द्या." डॉक्टरने दोन दिवसांनी सांगितलं, चकती खरवडली गेलीय, काही राहिलं नाही. ड्रायव्हरने डिस्क परत टेबलावर सरकवली. मग म्हणाला, "तुम्हीच टाका मग. माझ्याच्याने टाकवणार नाही."

डॉक्टरने हातमोजे चढवले, काचेच्या पेटीत डिस्क धरली आणि झाकण उघडलं. मी भिंग लावून वाकलो. चकतीत माझाच डोळा दिसला. एक ओरखडा नव्हता.

"अरे डॉक्टर, ही तर धडधाकट आहे."

तो स्क्रू मोजत राहिला.

"वरचं सर्किट जळालं असणार," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा हातात काम फार होतं, काका. आणि या जातीच्या डिस्क मिळत नाहीत. म्हटलं, सुट्या भागांना होईल."

"उघडूनही पाहिली नव्हतीस?"

"नाही."

"मग आधी त्याचे काढ."

"त्याला सांगून दोन वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि या बाईंचे वडील दारात उभे आहेत त्याचं काय?"

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्याने सुई काढली, बाईंच्या डिस्कमध्ये बसवली. आठ वाजून दहा मिनिटांनी चकती फिरायला लागली. आवाज स्वच्छ. साडेनऊला मी चिमटा घेऊन वर घरी गेलो.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. त्याचा एक नेम होता. लोकांच्या घरात डोकवायचं नाही म्हणून तो सगळे फोटो बघायचा नाही. पहिला उघडायचा, मग दर शंभरावा.

पहिला आला दहा वाजता. बाईंची आई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतेय. पाठमोरी. स्वच्छ फोटो.

शंभरावा. आई-वडील जेवायला बसलेत. डाव्या कडेला काहीतरी धुरकट.

दोनशेवा. बाग. धुरकट भाग मोठा झालेला. कातडीच्या रंगाचा.

एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "काका... जरा खाली या."

गेलो. तो खुर्चीत नव्हता. भिंतीला टेकून उभा होता.

"फाइल खराब आली असेल," मी म्हणालो.

"खराब फाइलला चौकोन पडतात, काका. पट्टे येतात. रेषा येत नाहीत."

"कसल्या रेषा?"

त्याने स्क्रीनकडे बोट केलं.

तळहात होता. कॅमेऱ्यासमोर धरलेला. बरोबर आईच्या चेहऱ्यावर. अंगठ्यापाशी जुना, चकचकीत वण.

चारशेवा उघडला. हात.

पाचशेव्यात मोठा घोळका होता, घरातली सगळी मंडळी. मी मोजली. वीस माणसं. चेहरे एकोणीस.

डॉक्टरने फोन उचलला. जुन्या वहीतून नंबर काढला. फोन स्पीकरवर होता; पहिल्याच रिंगला ड्रायव्हर बोलला. मागे गाडीची घरघर.

"तुमच्या मंडळींच्या... अंगठ्यापाशी..."

"इस्त्रीनं भाजलं होतं. का?"

डॉक्टरने स्क्रीनवरच्या वणाकडे पाहिलं.

घरघर मंदावली. थांबली. त्याने गाडी बाजूला घेतली असावी.

"साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, काही राहिलं नाही."

...

"साहेब?"

तेव्हा तो आवाज सुरू झाला. डिस्कमधून. टक... टक... टक.

सुई अडकली की असा आवाज येतो म्हणे. येत असेल. मी चाळीस वर्षं ठोके ऐकतोय. यंत्राचा ठोका सारखा पडतो. हा तसा नव्हता. हा थांबत होता. वाट बघत होता. दारावर कोणी बोटाने वाजवावं... तसा.

टक.

डॉक्टरने डिस्ककडे पाठ केली.

टक... टक.

"आहेत," तो म्हणाला. "सगळे आहेत. मी उघडून बघितलंच नव्हतं. खोटं बोललो."

आवाज थांबला.

फोनवर कोणी रडत नव्हतं. नुसता श्वास. मग ड्रायव्हर म्हणाला, "रविवारी येतो," आणि फोन ठेवला.

डॉक्टरने त्याच रात्री सुई परत काढायला घेतली. काढता-घालताना ती बहुधा जातेच, हे त्याला ठाऊक होतं. बाईंची डिस्क पेटीत धरली. झाकण उघडलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. मी पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

चकतीवर ठसा होता. पूर्ण तळहाताचा. झाकण डॉक्टरखेरीज कोणी उघडलं नव्हतं आणि त्याच्या हातात हातमोजे होते.

सुई गेली नाही. ड्रायव्हरच्या डिस्कमध्ये परत बसली, बाईंच्या डिस्कचं सर्किट वर लावलं. ड्रायव्हरचे फोटो निघाले, शंभरच्या शंभर. रविवारी तो आला, एकेक बघत गेला. शेवटी म्हणाला, "साहेब, चेहरा दहांतच होता. या सगळ्यांत हिचा हात खाली कसा?" डॉक्टरने मान वर केली नाही.

"आणि त्या बाईंचे, मामा?"

त्यांच्या चकतीतून पुन्हा काही निघालं नाही. त्या रात्री आलेल्या फोटोंत पहिला सोडून बाकी सगळ्यांत, शंभराव्यातसुद्धा, आता आईच्या चेहऱ्यावर हात होता. बाई तो एकच घेऊन गेल्या. पाठमोरा. महिन्याने रस्त्यात भेटल्या. मी विचारलं, वडील कसे आहेत?

"दाराशी जात नाहीत आता," त्या म्हणाल्या. "फोटोसमोर बसतात. जेवत नाहीत, झोपत नाहीत. म्हणतात, थांब, आता वळेल ती."



बाईंची ती चकती डॉक्टरने माझ्याकडे दिली. घरात नको म्हणाला. त्या कपाटात आहे, घड्याळाच्या रिकाम्या डबीत. दोनदा मी ती स्पिरिटने पुसली, पार आरशासारखी केली. दोन्ही तारखा वहीत आहेत. दोन्ही वेळा सकाळी ठसा होता. भिंगातून बघितलं तर रेषा अगदी स्पष्ट. फक्त अंगठ्यापाशी, वाटाण्याएवढ्या जागेत, रेषा नाहीत.