एप्रिलचा कोन

"माझ्या निरीक्षणात हे कोण घुसलंय?"

दारात तांबूस दाढीचा एक उंच माणूस. हातात कागद, कोटावरून पाणी ठिबकतंय...

"मी," म्हटलं. "शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलेय हो, तुमच्या मांडीवर नाही."

तो हसला. झालं, तिथेच मी विरघळले.

तो उनाई. मी माइते. आमची अवकाशातली दुर्बीण एकच, उपकरणं चार. एकाच वेळी कोणतं उपकरण कोणत्या उपकरणाबरोबर चालवायचं, हे जुळवणं माझं काम. उनाईचं उपकरण त्याच्या ताऱ्याकडे बघत असताना शेजारचा कॅमेरा रिकामा असायचा, म्हणून मी तो माझ्यासाठी लावला होता.

मग रोज अकराची कॉफी आली, अडीचचं जेवण आलं. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. माद्रिदबाहेरच्या त्या माळावर जानेवारीचा वारा नुसता झोंबतो, तरी आम्ही आपले बाहेरच्या बाकावर! तेवढ्यात त्याला चिलीतून नोकरी आली. होकार दिला तर मार्चअखेर निघायचं होतं, आणि त्याच्या ताऱ्याचं शेवटचं निरीक्षण अजून बाकी होतं.

मार्चमध्ये दुर्बीण ज्या कोनात असते, त्यात माझ्या कॅमेऱ्यासमोर कोरं आकाश. चोवीस एप्रिलला मात्र ती अशी वळलेली असते, की त्याचा तारा आणि मी तीन वर्षं जिच्या मागे आहे ती दीर्घिका, दोन्ही एकदम सापडतात. पण एप्रिलपर्यंत तो थांबणार कसा? मीच म्हटलं, मार्च धर, काम आटप आणि सुखाने जा.

सोमवारी त्याचा अर्ज माझ्याकडे आला. तारीख: चोवीस एप्रिल. ठरावीक तारीख हवी असेल तर आमच्याकडे कारण लिहावं लागतं. त्याने लिहिलं होतं:

'शेजारच्या कॅमेऱ्याला दीर्घिका मिळावी म्हणून. शिवाय... चिलीला उद्या उत्तर द्यायचंय. माइते, तोंडाने विचारायचं धाडस होत नाही. राहू का?'

डोळे भरून आले, आणि रागही आला. सरकारी अर्जात कोणी असं विचारतं का? तडक त्याच्या खोलीत गेले.

"पहिलं कारण मंजूर," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "आणि दुसरं?"

"त्याला मंजुरी कशाला लागते, वेड्या? मी जानेवारीपासून वाट बघतेय, तू कधी विचारतोस याची."