सरक, ओदालिस

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याच्या घरात घडली तो एलिएसेर माझा सख्खा मावसभाऊ. गाव आमचं काइबारिएन, घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. त्याने ती फक्त मला सांगितली. माझीही बायको गेलेली आहे, म्हणून असेल.

ज्या दिवशी बातमी आली, तो मार्चमधला शनिवार होता.

एलिएसेरच्या परसात एका मुलीचे फोटो चालले होते. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिचे फोटो काढावेच लागतात. घरात कॉफी नसली तरी चालेल, पण राणीसारखा घेरदार झगा भाड्याने आणायचा आणि मुलीला सजवून उभी करायची. एलिएसेरचं पोट त्यावरच होतं.

त्याची बायको ओदालिस सागुआला बहिणीकडे गेली होती. दुपारच्या ट्रकने परत यायची होती. तिच्या जागी त्याने एक खुर्ची मांडली होती आणि खुर्चीच्या पाठीवर तिची गवती टोपी अडकवली होती.

"आज बायकोऐवजी खुर्ची," तो मुलीच्या आईला म्हणाला. "बरंच आहे. खुर्ची तोंड चालवत नाही."

बायका हसल्या.

तेवढ्यात शेजारची काचिता दारात येऊन उभी राहिली. गल्लीतला फोन तिच्याच घरी. कुणाचा निरोप असला की ती फाटकापासून ओरडत यायची.

आज ती ओरडली नाही...

"काय गं?" एलिएसेरने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता विचारलं.

"ट्रक उलटला, एलिएसेर."

"कुठला ट्रक?"

काचिताने एप्रनचं टोक तोंडात धरलं.

त्याने कॅमेरा खाली घेतला नाही. बराच वेळ तो तसाच, खुर्चीवरच्या टोपीकडे बघत उभा होता.

खुर्ची का मांडली होती, ते सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कॅमेरा डिजिटल, पण जुना. ओदालिसच्या भाच्याने समुद्रापलीकडच्या टाम्पाहून आणलेला. तिकडे तो कुणी फुकट घेईना. बटणांवरची चिन्हं पुसलेली, स्क्रीनचा एक कोपरा काळा. लेन्स तर त्याच्याहून म्हातारी. रशियन. सरकारी फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा भंगारात निघालेली. दोघांचं जमावं म्हणून गावातल्या लेथवाल्याकडून मधली कडी कातून घेतली होती. तरी कॅमेऱ्याला ती लेन्स ओळखूच यायची नाही. चालू केला की स्क्रीनवर अक्षरं यायची, 'लेन्स लावलेली नाही.'

पण फोटो असे यायचे की बघत राहावं. मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली आणि मधोमध मुलीचा चेहरा. फोकस मात्र लेन्सवरची कडी फिरवून हाताने करावा लागे. कडी जराशी जास्त फिरली की पापणी स्पष्ट आणि नाक धूसर.

त्यात आमच्याकडचं ऊन. झगा जड, चेहऱ्यावरचा रंग वितळतोय, मुलगी वैतागतेय. म्हणून मुलीला सावलीत बसवायचं आणि तिच्या जागी आधी ओदालिसने उभं राहायचं. एलिएसेर तिच्या डोळ्यावर फोकस धरायचा, एक फोटो काढून बघायचा आणि म्हणायचा, "सरक, ओदालिस."

ती रबरी चपला वाजवत बाजूला व्हायची. मुलगी तिच्या जागी यायची.

"सरकते, राजा," ओदालिस जाता जाता म्हणायची. "पण आधी तू मला बघतोस, हे विसरू नको. या पोरींना मिळतं ते माझं उष्टं."

तिचा तो फोटो एलिएसेर लगेच पुसून टाकायचा. कार्ड लहान होतं. जागा मुलींसाठी लागायची.

लग्नाचे फोटो वादळात समुद्र घरात शिरला तेव्हाच गेले होते. ओळखपत्र मृत्यूची नोंद करताना जमा झालं. म्हणजे ओदालिस गेली तेव्हा, सगळ्या गावाच्या मुलींचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा एकही फोटो नव्हता.

आमच्याकडे माणूस पुरला की दोनेक वर्षांनी त्याची हाडं काढतात. ती पुसून लहान पेटीत ठेवतात आणि पेटी कबरस्तानाच्या भिंतीतल्या खणात सरकवतात. खणाच्या झाकणावर नाव आणि चेहरा. आपलं माणूस एरवी ओळखायचं कसं?

ओदालिसची वेळ जवळ आली तशी तिची थोरली बहीण मिरेया येऊन बसली.

"बिनचेहऱ्याच्या खणात माझी बहीण राहायची नाही, सांगून ठेवते."

"बघतो."

"काय बघतोस? अख्ख्या गावाच्या पोरी तुझ्या कपाटात आहेत. माझी बहीण कुठाय?"

 

ओदालिस गेली तेव्हाच एलिएसेरने काम सोडलं होतं. कॅमेरा आणि लेन्स व्लादिमिर वापरायचा. नाव रशियन, माणूस इथलाच. तरुण, गोड बोलणारा, दाढी कोरून ठेवणारा. ओदालिस होती तेव्हापासून तो लेन्स मागायला यायचा आणि ती त्याला कॉफीत जास्त साखर घालून द्यायची. ते एलिएसेरला तेव्हाही खुपायचं.

एका दुपारी तो कॅमेरा छातीशी धरून आला.

"उस्ताद, आधी बस."

"बसलोच आहे."

"मग उठू नको."

त्याने स्क्रीन पुढे केली.

बागेतलं कारंजं. लाल झग्यातली एक मुलगी. ती पार धूसर आलेली...

आणि तिच्या एक पाऊल पुढे ओदालिस उभी होती.

घरातला फुलाफुलांचा फ्रॉक. रबरी चपला. एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.

"ही तिथे होती?" एलिएसेरने विचारलं.

"तिथे कुणी नव्हतं, उस्ताद. आईशपथ. मी पोरीच्या डोळ्यावर फोकस धरला होता. घरी येऊन बघतो तर हे."

"हसतेय."

"हो ना! छान हसतेय. मिरेयाबाईला हवा तसाच. खणावर लावायला..."

"तू काय म्हणालास तिला?"

"कुणाला?"

"हसण्यासारखं काय म्हणालास?"



एलिएसेर मला म्हणाला, मला भीती वाटायला हवी होती. रडू यायला हवं होतं. पण आधी आग लागली. एवढ्या दिवसांत ती माझ्या स्वप्नातसुद्धा आली नाही. आणि आली ती याच्याकडे? याच्याकडे बघून हसली?

त्याचा अंगठा बटणावर गेला. हजारदा गेलेला अंगठा. स्क्रीनने विचारलं, पुसायचा? त्याने दाबलं, हो.

"उस्ताद!" व्लादिमिर ओरडला. "अरे, काय केलंस हे! एकच होता!"

"दुसऱ्याकडे बघून हसलेली बायको मी भिंतीवर लावणार नाही."

"ती मेलीय, उस्ताद."

"मेलीय ना? मग आता तरी माझी राहू दे."

त्याने कॅमेरा ठेवून घेतला आणि व्लादिमिरला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून तो परसात फोटो काढायला लागला. समोर कुणी नाही. ओदालिस उभी राहायची ती फरशी, मागे पपईचं झाड. बस्स.

फोटोत ती आली नाही.

पण एक गोष्ट विचित्र होती...

तो फोकस पपईवर धरायचा. फोटोत पपई धूसर यायची. स्पष्ट यायची ती फक्त ती फरशी. तिच्यावरचं गवताचं एक पातंसुद्धा.

पुन्हा काढला. पुन्हा तेच.

आणि दर वेळी बटण दाबण्याआधी आवाज यायचा...

चट्... चट्...

रबरी चपलांचा. दोन पावलं, बाजूला.

"माझ्यासमोर उभी राहत नाही," तो चिडून मला म्हणाला. "त्या दाढीवाल्यासमोर राहते, माझ्यासमोर नाही."

मग एकदा व्लादिमिर काही सामान न्यायला आला आणि दारात उभा राहून त्याचं फोटो काढणं बघत राहिला.

"उस्ताद, तू मधेमधे काय बोलतोयस?"

"मी? काहीच नाही."

"बोलतोयस. दर फोटोआधी. 'सरक, ओदालिस' म्हणतोयस."

एलिएसेरच्या हातातला कॅमेरा खाली आला.

"तूच तर तिला हाकलतोयस, उस्ताद," व्लादिमिर म्हणाला. "मी नाही म्हणत तसं. म्हणून थांबली असेल बिचारी."

त्यानंतरच्या दुपारी एलिएसेरने बाहेरच्या खोलीत कॅमेरा घेतला. परसात पाऊस होता. सवयीने तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून त्याने रुमाल दातांत धरला.

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे रोजच जाते. पंखा थांबला. फ्रिज कण्हल्यासारखा आवाज करून गप्प झाला.

स्क्रीनवर अक्षरं आली. 'लेन्स लावलेली नाही.'

त्याने कडीवर बोटं ठेवली. रिकाम्या खोलीवर फोकस कसा धरायचा, हा विचार करत होता...

आणि बोटांखाली कडी हलली.

त्याने फिरवली नव्हती. ती आपली आपण, हळूच, थोडीशी फिरली. एखाद्याने त्याच्या बोटांवर बोटं ठेवून फिरवावी तशी.

चट्...

एकच पाऊल. बाजूला नाही. समोर.

त्याने बटण दाबलं.

ओदालिस आली होती.

तोच फ्रॉक. खिडकीचा उजेड गालावर. त्याचे डोळे भरून आले.  मग हाताच्या सवयीने त्याने फोटो मोठा करून डोळे बघितले. फोकस तिथेच बघायचा असतो.

ती त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याच्या डाव्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. हसत नव्हती. एक भुवई वर, ओठ मिटलेले, हनुवटी पुढे. हा चेहरा त्याने संसारभर पाहिला होता. नाचाच्या कार्यक्रमात, पावाच्या रांगेत. एखादी बाई त्याला जरा जास्त चिकटून उभी राहिली की ओदालिस अशी बघायची.

तो मला म्हणाला, खोटं कशाला सांगू, क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, अजून जळते माझ्यापायी. व्लादिमिरकडे नुसती हसली. जळते ती माझ्यासाठी.

मग त्याच्या लक्षात आलं...

घरात कुणी बाई नव्हती. घरात कुणीच नव्हतं.

आणि त्याच वेळी मागे आवाज झाला.

सळ्... सळ्...

कडक जाळीच्या घेरदार झग्याचा आवाज. त्या आवाजावर त्याचं आयुष्य गेलं होतं. तो चुकणार नव्हता.

त्याने मान वळवली नाही. वळवता आली नाही. तो हळूहळू मागे सरकला. कुणी असेल तर धक्का लागेल, लागू दे, असं मनात म्हणत.

एक पाऊल. दुसरं पाऊल.

पाठीला भिंत लागली.

थंड, चुन्याची भिंत. मधे कुणीच नव्हतं. त्याने श्वास सोडला. कॅमेरा पुन्हा वर घेतला आणि बटण दाबलं.

ओदालिस पुढे आलेली होती. नजर तिथेच, डाव्या खांद्यावर.

आता तिथे फक्त भिंत होती. तरीही ती तिथेच बघत होती.

त्याने आणखी एक काढला. ती आणखी जवळ. हात उचललेला.

शेवटच्या फोटोत तिचा चेहरा नव्हता. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. फक्त एक धूसर दंड, चौकटीच्या कडेने त्याच्या खांद्यापलीकडे गेलेला. बोटं वाकलेली. कुणाचे तरी केस मुठीत धरल्यासारखी.

मग पंखा गरगरला. वीज आली होती.

त्यानंतर चपला वाजल्या नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही ओदालिसची हाडं काढली. मी होतो, मिरेया होती. पेटी खणात गेली. झाकणावर नुसतं नाव आहे. कार्डात तिचा चेहरा स्पष्ट आलेला फोटो आहे, तरी एलिएसेरने तो दिला नाही.

"त्या खणासमोर माणसं येऊन उभी राहतात," तो मला म्हणाला. "त्यांच्या खांद्यावरून ती असं बघत राहायला नको."

मिरेया त्याच्याशी बोलत नाही. तिला वाटतं, त्याला दुसरी कुणीतरी मिळालीय. व्लादिमिरने कॅमेऱ्याला हात लावायचं सोडलं.

कॅमेरा त्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. चालतो. मी स्वतः चालू करून बघितला.

ओदालिस जिकडे बघत होती, तिकडे लेन्स फिरवून एक फोटो काढायचा राहिला आहे. एलिएसेरने अजून काढलेला नाही. मीही काढला नाही.