टिडमार्शचा सूर

दुपारचं जेवण उरकल्यावर डॉ. ॲम्ब्रोज विन्स्लेड यांनी ऑर्गन वाजवताना घालायचे पातळ तळव्यांचे बूट कापडी पिशवीत टाकले आणि बायकोला "येतो" म्हणाले. हॅरिएट दारात काहीतरी बोलली. काय ते त्यांना कळलं नाही. ते हसले, मान डोलावली आणि बाहेर पडले. हसून मान डोलावण्यावरच त्यांचं सबंध वर्ष निभावलं होतं.

आल्डमिन्स्टरच्या कॅथीड्रलचा हा ऑर्गनवादक, ज्याची स्तोत्रं गावोगावच्या चर्चमध्ये गायली जात, तो ठार बहिरा झाला होता. ही गोष्ट फुटली असती तर पद गेलं असतं आणि पदाबरोबर आवारातलं घरही. उतारवयात हॅरिएटला घेऊन जायचं कुठे? म्हणून झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची. ऑर्गन उंच सज्जात होता आणि वादकाची पाठ गायकांकडे. समोर टांगलेल्या आरशात गायकांची तोंडं उघडताना-मिटताना दिसत, बाकातून सुरांची थरथर हाडांत शिरे, आणि बोटांना तर सगळं पाठच होतं.

पण नुसत्या आरशावर कुणी वर्ष काढत नाही. खरा आधार निराळाच होता, आणि त्याची विन्स्लेडना एकांतातसुद्धा शरम वाटे.

सारं जग मुकं झालं तरी एक आवाज त्यांना ऐकू येई. पातळ, वरच्या सुराला जरासा चिरकणारा, पण लयीला पक्का. त्याचं बोट धरून ते वाजवत. तो आवाज जॉब टिडमार्शचा होता, आणि टिडमार्श मातीत जाऊन दुसरा हिवाळा लागला होता.

आल्डमिन्स्टरला गायकाची नेमणूक मरेपर्यंतची. बिशपलाही त्याला काढता येत नाही. गळा गेला की म्हाताऱ्याने नुसते ओठ हलवायचे आणि शेजारच्यांनी त्याचा भाग उचलायचा, अशी तिथली जुनी रीत. विन्स्लेडच्या लेखी तो शुद्ध गलथानपणा. एका तालमीत त्यांनी टिडमार्शला एकट्याला उभं करून एकच ओळ म्हणायला लावली. आवाज चिरकला की विन्स्लेडचा हात वर जाई आणि म्हातारा परत पहिल्यापासून सुरू करी. शेवटी चारचौघांत ते म्हणाले, "गायला गळा लागतो, टिडमार्श. नुसती हजेरी लावून भागत नाही." कुणी हसलं नाही. टिडमार्शने चष्मा काढून खिशात ठेवला, "बरं, साहेब" म्हणाला आणि घरी गेला. तो पुन्हा गायला आला नाही. त्याच थंडीत वारला. आणि अशा माणसाच्या आधाराने विन्स्लेड आपली अब्रू सांभाळत होते.

आज कॅथीड्रलच्या संताचा सण होता. खुद्द बिशप आले होते आणि विन्स्लेडचं नवं स्तोत्र पहिल्यांदा गायलं जाणार होतं. बाहेर धुकं उतरलं होतं. आत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता.

स्तोत्राच्या मध्यावर एकट्याने गायची जागा होती. आरशात तरुण क्रॉलीने तोंड उघडलं आणि विन्स्लेडच्या कानात टिडमार्श गायला लागला. चढत चढत तो वरच्या सुराला पोचला... आणि चिरकला. मग थांबला. मग त्याने तीच ओळ पहिल्यापासून धरली.

विन्स्लेडची बोटं आपोआप मागे वळली. आवाज परत चढला, परत चिरकला, परत पहिल्यापासून... त्यांनी घाबरून आरशात पाहिलं. क्रॉलीचं तोंड मिटलेलं होतं. एकेक करून सगळे गायक खाली बसले होते. बिशपसकट सारं कॅथीड्रल माना वळवून सज्जाकडे बघत होतं.

त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. बाकातली थरथर थांबली. टिडमार्श मात्र गातच राहिला. साथीशिवाय, सावकाश, त्याने ती ओळ शेवटपर्यंत नेली, आणि या खेपेला वरचा सूर स्वच्छ लागला.

उपासना आटोपल्यावर विन्स्लेड डीनच्या खोलीत गेले. कॅथीड्रलचा सगळा कारभार डीनच्या हाती. ते धिप्पाड होते आणि त्यांचा आवाज ढोलासारखा. विन्स्लेडनी बूटसुद्धा बदलले नव्हते.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. मी सगळ्यांना फसवलं."

डीननी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. त्यांचे ओठ हलले आणि विन्स्लेडना प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला.

"आम्हाला ठाऊक आहे, साहेब. पहिल्यापासून. गायकांनीच गळ घातली की तुम्हाला कुणी काही बोलायचं नाही. तुम्ही वळाल तिकडे ते वळायचे, थांबाल तिथे थांबायचे. आज कुठे वळायचं ते कळेना, म्हणून बसले बिचारे. रीतच आहे ना आपल्याकडची. सांभाळून घ्यायचं."

विन्स्लेडचा चेहरा कानांपर्यंत तापला. ज्या रीतीला त्यांनी गलथानपणा म्हटलं होतं, तिच्याच पदराखाली ते वर्षभर बसले होते, आणि ज्यांनी तो पदर धरला त्या सर्वांनी ती तालीम डोळ्यांनी पाहिली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. शब्द डीनचे होते, ओठ डीनचे होते. आवाज डीनचा नव्हता. पातळ होता, जुना होता, आणि डीननी त्यांना आजवर कधी 'साहेब' म्हटलं नव्हतं.

ते उठले. आभारसुद्धा न मानता धुक्यातून जवळजवळ पळतच घरी आले. स्वयंपाकघरात दिवा लागला होता, किटली वाफ सोडत होती. हॅरिएट त्यांच्याकडे पाठ करून पाव कापत होती. तिचं तोंड दिसत नाही याचंच त्यांना हायसं वाटलं.

तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत नेहमीचीच माया होती.

"दमलात का?" टिडमार्शने विचारलं.