रिकाम्या खोलीचे एक मिनिट

पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करताना दिवसाच्या शेवटी आम्ही एक मिनिट नुसती शांतता टिपून ठेवतो. सर्वांनी बाहेर यायचे, दार लावायचे आणि रिकाम्या खोलीला बोलू द्यायचे. वाचणाऱ्याचे खोकणे, अडखळणे कापून टाकले की मागे जी भोके उरतात, ती या शांततेने बुजवायची असतात. मला हे काम मानवते. त्यात फारसे बोलावे लागत नाही.

त्या आठवड्यात वाचायला माझी ताई होती. दवाखान्यातली सकाळची पाळी संपवून ती दुपारी यायची, तेव्हा तिच्या आवाजाखेरीज तिच्यात काहीच शिल्लक नसायचे. कादंबरी मुलांची होती: बर्फात वाट चुकलेली एक मुलगी रानटी लांडग्यांच्या कळपात हिवाळा काढते. घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून ताईची आठ वर्षांची मुलगी, आमची भिंगरी, शाळेतून थेट इथेच येई आणि टेबलाखाली बसून ऐके. पहिल्या दिवशी ती इतकी खुदखुदली, की तीन पाने पुन्हा वाचावी लागली.

"आई, तिला थंडी कशी वाजत नाही?"

"ऐकलंस ना आत्ता? लांडगे तिला मधे घेऊन झोपतात."

"मग तू पण मला मधे घे."

ताई डोळे मिटूनच हसली. "दोघीच तर आहोत गं आपण. दोघींत मधे कुठून येणार?"

भिंगरी गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून ती खुदखुदलीही नाही. ताई म्हणाली, शहाणी झाली.

तिसऱ्या दिवशीची शांतता तपासताना मला हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. खोल, संथ.

"बाईसाहेब, खोली रिकामी करायची म्हणजे तुम्हीही बाहेर यायचं असतं."

"मी तुझ्या मागेच उभी होते की, मामा!"

खरेच होते. काचेत तिचे प्रतिबिंब मी पाहिले होते.

मी माइक बदलला, तारा बदलल्या, पंखा बंद ठेवला. चौथ्या दिवशी श्वास तीन होते. पाचव्या दिवशी मी ते पुन्हा पुन्हा ऐकून वेगळे केले. सात जड श्वास कडेने, आणि त्यांच्या मधोमध आठवा, हलका, नाक चोंदलेल्या मुलासारखा. भिंगरीला सकाळपासून सर्दी होती.

हेडफोन मी ताईच्या कानांवर ठेवले. तिने मन लावून ऐकले.

"काही नाही रे यात. तू झोपतोस तरी का नीट?"

"उद्या भिंगरीला आणू नकोस."

"मग ठेवू कुठे? पर्समध्ये?"

सहाव्या दिवशी शेवटचे प्रकरण झाले. पुस्तकातली मुलगी माणसांत परतली. आम्ही तिघेही बाहेर आलो, मी दार लावले आणि ते मिनिट टिपले. मग जिवाचा कान करून ऐकले.

काहीच नव्हते. फक्त खोली.

मला अकारण रडू येऊ लागले. भिंगरी मात्र आईचा हात ओढत पुन्हा आत पळाली, तिच्या मांडीवर चढली आणि पहिल्या दिवसासारखी बडबडू लागली. मीही मागोमाग गेलो. कितीतरी वेळ आम्ही हसत होतो.

त्या वेळी माइक चालूच राहिला होता, हे आज दुपारी संकलन करताना कळले.

"काय गं?" ताईचा आवाज.

चार सेकंद काहीच नाही.

"हो, संपलं. आली ना ती घरी."

पुन्हा काहीच नाही. मग माझे हसणे.

"ते मामाला विचार."

काहीच नाही.

"बरं, तू सांगशील तसं," मी म्हणतो आहे.

मी लगेच ताईला फोन लावला. ती नुकतीच घरी पोचली होती. चपला काढल्याचा आवाज आला.

"भिंगरी कुठे आहे?"

"ही काय, इथेच. मघापासून नुसती टकळी चालू आहे. घे, बोल तिच्याशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मी वाट पाहिली.

"भिंगरी?"

मी वाट पाहिली.

"भिंगरी, बाळा, मी मामा."

लांबून, थकलेल्या आवाजात, ताई हसली. "अगं, हळू! मामाच्या कानठळ्या बसतील."