दिवे समुद्राकडे

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या गळ्यात पडणार नाही. पण हे घडलंय. शशिकांत माझा सख्खा मावसभाऊ, आणि हा माणूस पत्ते खेळतानाही लबाडी करत नाही.

साल १९९४. दिवाळी नुकतीच सरली होती. जागा, उत्तनचा किनारा.

शशिकांत तेव्हा शांती नगरात नवीनच राहायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली, तीही सेकंडहँड. उत्तनच्या पास्कल नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची. गाडी जुनी, पण पळायला झकास.

खोट एकच.

तिन्हीसांजेला तिचे हेडलाइट आपोआप लागायचे...

चावी घरात खुंटीला. गाडी बिल्डिंगखाली बंद. आणि दोन्ही दिवे लख्ख पेटलेले. सकाळी बॅटरी ठार.

काशीमीऱ्याच्या मिस्त्रीने आधी स्विच बदलला. मग सगळं वायरिंग. शशिकांतचा दिवाळी बोनस त्या गॅरेजातच जिरला. गाडीची हौस भारी, आता भोगा म्हणावं!

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," त्याची बायको ममता म्हणाली. "अहो, परत देऊन टाका ती."

शेवटी मिस्त्रीने बॅटरीच काढून ठेवली. "अब जलके दिखाये," म्हणाला.

त्या संध्याकाळीही दिवे लागले.

ममताने पोरांना गॅलरीतून आत ओढलं. शशिकांत मात्र बघत राहिला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं... गाडीचं तोंड पश्चिमेला असलं तरच हे होतं.

समुद्राकडे.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवून घेऊन तो तडक उत्तनला गेला. गाडी परत करायची आणि पैसे मागायचे, असं ठरवूनच.

म्हातारा अंगणात जाळं दुरुस्त करत होता. शशिकांतने तावातावाने सगळं सांगितलं. पास्कलचा हात जागीच थांबला.

"दिवे लागतात?" त्याने विचारलं. "दोन्ही?"

आणि तो रडायला लागला.

त्याचा मुलगा एरिक होडी घेऊन मासेमारीला जायचा. परतायला अंधार झाला की पास्कल ही गाडी किनाऱ्यावर उभी करायचा. तोंड समुद्राकडे, दिवे चालू. त्या उजेडाच्या रोखाने एरिक खडकांमधून होडी आत आणायचा. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास दिवे बिघडले. दुरुस्तीचा खर्च मोठा होता.

"मी म्हटला, मासळीचे पैसे येऊदे, मंग करू," पास्कल म्हणाला. "त्याच राती पोर आलाच न्हाय. धाकू खलाशी पन होता त्याच्यासंगं. होडीची फळी पन न्हाय गावली. मागून केले मी दिवे. काय उपयोग?"

शशिकांतचा राग कुठल्या कुठे गेला. असली कामं आपण सगळेच पुढे ढकलतो. त्याने एवढंच विचारलं, "अंकल, किनाऱ्यावर येताय?"

सूर्य बुडाला. वारा पडलेला. दोघे पुढच्या सीटवर बसून होते. शशिकांतने स्विचला बोटही लावलं नव्हतं...

दिवे लागले.

पाण्यावर उजेडाचा पट्टा पडला. होडी नाही. माणूस नाही.

मग वल्ह्याचा आवाज... चुबुक... चुबुक... जवळ आला आणि वाळूशी थांबला.

मागचं दार उघडलं. गाडी मागून दबली. दार लागलं.

खाऱ्या पाण्याचा वास गाडीभर पसरला. मागे बघायची शशिकांतची छाती झाली नाही.

"हळू चालव," पास्कल कुजबुजला. "दमलाय पोर."

घरी म्हातारी ऑड्रे दारात उभी होती, हातात टॉवेल घेऊन. तिला कुणीच काही कळवलं नव्हतं. तिने मागचं दार उघडलं, टॉवेल पुढे धरला आणि म्हणाली, "आलास, बाला?"

गाडी थोडी वर उचलली गेली. ओल्या पावलांचे ठसे घरात गेले. त्यांच्यामागून म्हातारा-म्हातारी.

शशिकांतला भरून आलं. डोळे पुसत तो गाडीकडे वळला...

गाडी मागून अजून दबलेलीच होती. एका बाजूने.

होडीत दोघे होते.

तो धावत दाराशी गेला. "अंकल, धाकूचं घर कुठे?"

"डहाणूकडं कुठंतरी, पाड्यावर," पास्कल म्हणाला. त्याची मान खाली गेली. "हंगामापुरता आलेला. कुनी विचारलाच न्हाय त्याला."

त्यानंतर ते दिवे आपोआप कधीच लागले नाहीत. आता मिस्त्री म्हणतो, मागची स्प्रिंग बसली आहे. बदलूनही गाडी तशीच दबलेली. शशिकांतने तो नाद सोडला. सुट्टी मिळाली की तो डहाणूच्या बाजूला जातो. एकेका पाड्यावर थांबतो, धाकू खलाशाचं घर विचारतो आणि मागचं दार उघडून उभा राहतो.

अजून कुणी उतरलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात मीही बरोबर गेलो होतो. पुढेच बसलो, सांगायला नको. एका पाड्यावर बराच वेळ थांबून शशिकांतने दार लावलं.

"चल रे धाकू," तो हळूच म्हणाला, "पुढचा पाडा बघू."

मागून एक दमलेला सुस्कारा आला.