नटवीची तपासणी

गाडीने तिला चक्क वाकून नमस्कार केला!

वाहन तपासणी कार्यालयाच्या आवारात रोज पन्नासेक गाड्या येत, पण नमस्कार करणारी ही पहिलीच. लांबलचक, जांभळी, अंगभर सोनेरी वेल, मागे आकाशाकडे तोंड करून उभी धुराची चार नळकांडी आणि पुढे दिव्यांची रांगच रांग. अशी नटवी, की तपासनीस हातातली मोजपट्टी विसरून बघतच राहिली.

“घाबरलात?” चालकाने काच खाली केली. त्याच्या नखांत जांभळा रंग होता, कपाळावरही एक ठिपका.

“गाड्यांना मी घाबरत नाही. जमिनीपासून उंची किती?”

“तुम्ही म्हणाल तितकी, मॅडम.” त्याने बटण दाबलं. फुस्स करत गाडी वीतभर वर आली.

“आणि मी आत गेल्यावर?”

तो नुसताच हसला. खोटं बोलला नाही, हे तिला आवडलं. पण आवडण्याला फॉर्मवर रकाना नव्हता. तिने लिहिलं, नापास.

तो गाड्या रंगवणारा, स्वतःचं छोटं दुकान असलेला रंगारी. महिन्याभराने नटव्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. निवड झाली, तर परदेशातल्या नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काम. पण तपासणीचा दाखला नसेल तर प्रदर्शनाच्या दारातही प्रवेश नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. गाडी आता ठरावीक उंचीच्या खाली जात नव्हती, पण नळकांडी तशीच होती. तिने पेन उघडलं... आणि मिटलं.

“एक विचारू? फॉर्ममधलं नाही. खाली बसणारी गाडी सुचली कुणाला?”

“मी जिथे जायचं म्हणतोय, त्या देशातल्या पोरांना. त्यांनी गाड्या इतक्या खाली घेतल्या की सरकारने बंदी घातली. मग त्यांनी जुन्या विमानांचे पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली!”

“म्हणजे माझ्यासारखं कुणीतरी आडवं आलं म्हणून...?”

“म्हणूनच तर! तुमचे आभारच मानायला हवेत.”

ती ओठ दाबून हसली. “आणि ही नळकांडी?”

“ती समुद्रापलीकडच्या बेटांवरची. तिथल्यांनी शर्यतीच्या गाड्या पाहिल्या आणि त्यांची नळकांडी दसपट वाढवून ठेवली. दिवे तिथल्या ट्रकवाल्यांचे. पुढे त्या खाली बसणाऱ्या गाड्यांचे फोटो मासिकांतून बेटांवर पोचले, आणि त्यांनी त्याही घेतल्या.”

“सगळी उचलेगिरी!”

“उचलतो हो, पण उचललेलं तसंच ठेववत नाही. हात शिवशिवतात. ही वेल बघा, आमच्या आत्याच्या शिलाई मशीनवरची.”

तिने वेलीवरून हलकेच बोट फिरवलं. आणि मग गाडी नापास केली.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “काय गं, लोकांना नापास करतेस आणि गालातल्या गालात हसत घरी येतेस?”

“कुठे काय...”

“हं. विचारलं नाही मी.”

तिसऱ्या खेपेला नळकांडी आखूड झाली होती. तिने अर्धा तास गाडी तपासली. सापडला एकच दोष, मागचा एक निळा दिवा. दहा मिनिटांत निघाला असता. किंवा... नापास. पुढची तारीख प्रदर्शनानंतरची. तो इथेच राहिला असता.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. आपण कसला विचार करतोय हे कळलं, तेव्हा तिचे कान तापले. फाईल उचलून ती तडक मोठ्या साहेबांकडे गेली.

“सर, ही माझ्याकडे नको.”

“का? ओळखीचा आहे?”

“नव्हता... आता झालाय.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, “बरं” म्हटलं आणि ते उठले. निळा दिवा निघाला, दाखला मिळाला.

रंगारी जिन्यापाशी तिला गाठायला आला. “माझ्यावर रागावलात?”

“नाही. तुम्ही जिंकलात तर वर्षभर जाल... आणि मला ते नको होतं. अशा मनाने सही करू नये.”

“मग माझंही ऐका. नळकांडी नियमात बसत नाहीत, हे मला आधीच ठाऊक होतं.”

“मग तशीच का आणलीत?”

“पुन्हा यायला काहीतरी कारण हवं होतं ना!”

आवारातून कुणीतरी हॉर्न वाजवला. दोघांनाही तो ऐकू आला नाही.

त्याची निवड झाली. निघण्याच्या आदल्या सकाळी तो तिच्या दारी गाडी घेऊन आला आणि किल्ली पुढे केली. ती चालवत होती, तो शेजारी. रस्त्यावरची माणसं माना वळवून बघत होती. गावाबाहेरच्या पुलावर तिने गाडी कडेला घेतली.

“वर्षभर... थांबाल माझ्यासाठी?” त्याने विचारलं.

“मुळीच नाही.”

त्याचा चेहरा पडला.

“चार महिन्यांनी मला मोठी रजा आहे,” ती म्हणाली. “आईला सांगून झालंय. मीच येणार तिकडे. मला ती पंप बसवणारी माणसं बघायचीत, त्यांच्या गाड्या बघायच्यात, शंभर प्रश्न विचारायचेत...” ती थांबली, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहत म्हणाली, “आणि तुलाही भेटायचंय.”