मागच्या वर्षीचाच बॅनर

मशीनमधून कुठल्याशा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा बॅनर सरसर बाहेर येत होता, तेव्हा काखेत गुंडाळी धरलेला एक तरुण दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पल काढावी की नको, या विचारात तो अडकला होता. बॅनरच्या दुकानात चप्पल काढणारं गिऱ्हाईक सुलक्षणाने उभ्या जळगावात पाहिलं नव्हतं. तिला हसू फुटणार होतं... पण त्याचा चेहरा बघून तिने ते ओठांतच ठेवलं.

"हा तुम्हीच केलाय ना?" त्याने गुंडाळी टेबलावर उलगडली.

तिनेच केला होता. रुद्रराज या मारधाडीच्या नटाचा नवा सिनेमा आठवड्यापूर्वी लागला, त्यासाठी एरंडोलच्या फॅन क्लबने मागवलेला. बाकीची दुकानं नटाचा फोटो चिकटवून मोकळी होतात. सुलक्षणा त्याला हाताने काढायची, कॉमिकमधल्यासारखा. जाड काळी रेघ, उडालेली धूळ, वळलेली मूठ. आणि खाली गोल गोल चौकटींत शुभेच्छुक मंडळी.

"चांगला आलाय की," ती म्हणाली. "काही चुकलं का?"

त्याने पहिल्या गोल फोटोवर बोट ठेवलं. "हा कोणी टाकला?"

"दीपकभाऊंचा? अहो, ते अध्यक्ष आहेत क्लबचे. त्यांचा फोटो पहिला असतोच."

"माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. मग जरा थांबून — "तो गेला. चैत्रात. कावीळ झाली होती. नऊ दिवसांत गेला."

सुलक्षणा बॅनरवरच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

या धंद्याची रीत सोपी असते. नव्याने कोणी काही करत नाही. जुनी फाईल उघडायची, सिनेमाचं नाव आणि तारीख बदलायची, छापायचं. क्लबच्या कुणा पोराचा फोन आला होता, "मागच्या वर्षीचाच करा." तिने केला. आणि गेलेला माणूस एरंडोलच्या स्टँडवर हसतमुखाने सिनेमाला शुभेच्छा देत उभा राहिला.

"मला ठाऊक नव्हतं हो," ती म्हणाली. "ते उत्तर देत नव्हते तेव्हा वाटलं... भाऊ मोठे झाले, विसरले आपल्याला."

दोन वर्षं तिची आणि दीपकची फोनवर लिहालिही चालायची. गाठ कधी पडली नाही. बॅनर एसटीने जायचा. पण धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे जुनी हिंदी कॉमिक्स मिळाली की दीपक तिला मुखपृष्ठाचा फोटो पाठवायचा, आणि रुद्रराजच्या कुठल्या मारामारीत कॅमेरा चुकला यावर ते तासन् तास भांडायचे. पोरीच्या जातीला हे काय खूळ, असं घरचे म्हणायचे. दीपकने कधी म्हटलं नाही. चैत्रापासून मात्र तिकडून उत्तर यायचं बंद झालं होतं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटायच्या.

आता हा ओरडेल, म्हणून ती मान खाली घालून बसली. तो ओरडला नाही.

"भांडायला नाही आलो. पोरांनी संध्याकाळीच उतरवला तो. गेलेल्या माणसाचा फोटो जिवंतांच्या रांगेत नको म्हणे. पण तोवर आईला कळलं होतं. चैत्रापासून ती ओटा उतरली नव्हती... ती अनवाणी स्टँडपर्यंत गेली. आता रोज एकच विचारते, का उतरवला म्हणून. 'मना दीपक तठे उभा व्हता, त्याले कसाले उतारं रे?'"

मशीन थांबलं.

"घरी त्याचा नीट फोटो नाही," तो पुढे म्हणाला. "आधार कार्डावरचा आहे, पण त्यात तो दीपक वाटतच नाही. तुम्ही काढून द्याल? हाताने?"

"देईन," ती म्हणाली. "तुमचं नाव?"

"चुडामण." आणि तिने मान वर करताच घाईघाईने, "आजोबांचं आहे."

"कॉमिकमधल्या वीराचं वाटतं," तिच्या तोंडून निसटलं. लगेच तिने जीभ चावली. पण चुडामणच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू आलं होतं, आणि ते तिने पाहिलं.

चित्र आठ दिवसांत व्हायचं, त्याला दोन महिने लागले. मुद्दाम लावले असं कोणी म्हणालं असतं तर सुलक्षणा भांडली असती. पण खरं सांगायचं तर मुद्दामच लावले. दर सोमवारी चुडामण यायचा. एरंडोलला त्याचं विहिरीच्या पंपांच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. म्हणून तांब्याची तार घ्यायला जळगावला येतो, असं तो सांगायचा.

"फार तार लागते हो तुमच्या गावाला!" दुकानाच्या मालकीण सविताअक्का डोळे बारीक करून म्हणायच्या. चुडामण कानापर्यंत लाल व्हायचा, आणि सुलक्षणाला उगाचच पेन्सिलीला टोक करायचं सुचायचं.

तो स्टुलावर बसून दीपकबद्दल सांगायचा. उभा कसा राहायचा, हसताना कुठला खांदा उडायचा. ती काढायची, खोडायची. मग बोलणं वळायचं रुद्रराजवर, कॉमिकवर. आणि तिथे तर तो तिच्या मनातलंच बोलायचा! जुन्या चित्रकारांची शाई, रुद्रराजची धाव, सगळं त्याला ठाऊक.

"तुम्हाला एवढं कळतं, मग क्लबमध्ये का नाही गेलात?"

"दीपक होता ना..."

"आणि आता?"

"आता इथे येतो."

असं काही तो बोलला की तिचा हात थांबायचा. त्याच्या बोटांना तांब्याचा वास असायचा. कागद देता-घेताना तो वास तिच्या हाताला लागायचा आणि ती घरी गेल्यावरही लवकर हात धुवायची नाही. पोरगी पार पाघळली होती. तिला ते कळतही होतं. एकच गोष्ट तिला सलायची — भाऊ गेलेल्या घरातून आपल्याकडे हे सुख चालत आलंय. ते घ्यावं की नाही?

मार्चमधल्या एका सोमवारी चित्र पुरं झालं. चुडामणने ते बराच वेळ पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "ठोसा सगळेच काढतात. ठोसा बसायच्या आधीचा श्वास जो काढतो, तो खरा चित्रकार."

हे वाक्य सुलक्षणाने आधी कुठेतरी वाचलं होतं.

तिने फोन उचलला. दोन वर्षं मागे जायला फारसा वेळ लागला नाही. दीपकचा मेसेज होता. शब्दन् शब्द तोच. तशीच ती खाली येत गेली. जुनी शाई, रुद्रराजची धाव... सोमवारी ऐकलेलं सगळं तिथे होतं. आणि शेवटी तिचे स्वतःचे, नऊ महिन्यांचे, उत्तर नसलेले मेसेज. 'भाऊ, ट्रेलर पाहिलात?' 'रागावलात का?' प्रत्येकाखाली निळ्या खुणा. मेलेला माणूस मेसेज वाचत नाही, एवढी साधी गोष्ट दोन महिने तिच्या डोक्यात आली नव्हती.

"दीपकभाऊंचा फोन तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

चुडामणचा हात नकळत खिशाकडे गेला.

"घोकून यायचात? पाठ करून?"

"सुलक्षणाबाई, मी—"

"मग मी कोणाशी बोलत होते एवढे सोमवार?" तिचे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसले याचाच तिला जास्त राग आला. "गेलेल्या माणसाचे शब्द उसने घेऊन पोरीशी बोलायला लाज नाही वाटली? चित्र मी आईंना पोचवीन. तुम्ही येऊ नका."

तो गेला. तांब्याच्या तारेचं वेटोळं स्टुलापाशीच राहिलं.

त्या आठवड्यात सुलक्षणाने तीन बॅनरवर चुकीच्या तारखा छापल्या. राग होताच, पण रागाच्या तळाशी भीती होती. ज्याच्यावर आपला जीव जडला, तो माणूस मुळात आहे का? की दोन भावांची बेरीज करून आपणच एक तिसरा काढला? दीपकला ती भाऊ म्हणायची आणि तो तिला भाऊच वाटायचा, त्यात खोट नव्हती. पण त्याचे शब्द काढून घेतले, तर चुडामणपाशी उरतं काय?

शनिवारी तिने चित्र कापडात गुंडाळलं आणि एरंडोलची एसटी धरली.

ओट्यावर दीपकची आई, द्रौपदाबाई, गहू निवडत बसल्या होत्या. सुलक्षणाने नाव सांगून चित्र उलगडलं. दीपक स्टँडवर उभा होता, कमरेवर हात, मान वर. समोर बॅनर असावा असा तो बघत होता. बॅनर मात्र तिने काढलाच नव्हता. आईने पदराने हात पुसले, मग बोट त्या काळ्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. खांद्यापाशी ते थांबलं.

"हाऊ मनाच दीपक शे," त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "आते याले कोनी उतारानं नई."

"नाही उतरवणार, आई."

चहा झाला. चहाबरोबर धाकट्याचा विषय निघाला. "त्याले ते मारामारीना सिनेमा लावा का झोप लागस! दीपक हासे त्याले. आन आते दोन महिनापाईन दीपकना बठ्ठा पुस्तकं लई बठस. परीक्षा शे का रे, म्हनं... तर बोलस नई."

सुलक्षणाला हसू आलं आणि रडूही. तिने दुकान कुठे आहे ते विचारलं.

चुडामण मोटारीपुढे मांडी घालून बसला होता. एका हाताने तार सोडत होता, दुसऱ्याने गुंडाळत होता, आणि ओठ हलत होते. तिची सावली पडली तशी त्याने वर पाहिलं. चेहरा पांढराफटक झाला, पण हात थांबला नाही. "एकशे बारा... एकशे तेरा..." मोजणी चुकली तर शेतकऱ्याची मोटार पुन्हा जळेल, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. एवढा वेळ न बोलता त्याच्याजवळ ती पहिल्यांदाच बसत होती, आणि तिला कंटाळा येत नव्हता.

तार कापून त्याने टोक दुमडलं.

"मला मारामारीचे सिनेमे आवडत नाहीत," तो म्हणाला. चोरी कबूल करावी तसा. "कॉमिकही नाही. कुठली चौकट आधी वाचायची, तेच कळत नाही मला."

"मग कशाला हे सगळं?"

"तो गेला आणि घरी जो येई तो रडायचा. गल्लीत पाय टाकला तरी माणसं गप्प व्हायची. फक्त त्याच्या फोनवर तुमचे मेसेज... 'भाऊ, नवा सिनेमा येतोय, बॅनर कसा करू?' जगात एकच माणूस होतं, ज्याच्या लेखी दीपक अजून जिवंत होता. मी कितीदा लिहायला घेतलं की तो गेला. पाठवलं असतं, तर तिथेही तो मेला असता." त्याने तारेचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "मेसेज वाचता वाचता... त्याच्यासाठी वाचत होतो, मग माझ्यासाठी वाचायला लागलो. तुम्हाला तो आवडायचा. म्हटलं, माझ्यापाशी काय आहे? म्हणून त्याचंच घेऊन आलो. चुकलं माझं."

सुलक्षणा रडली. चुडामणसाठी नाही, दीपकसाठी. अकरा महिने उशिरा, मोटारींच्या दुकानाच्या उंबऱ्यावर, तिला त्या भावासाठी रडता आलं. चुडामणने तिला थांबवलं नाही. पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला आणि तोही शेजारी बसला, मधे हातभर अंतर सोडून.

बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतलं. "सोमवारी या," ती म्हणाली. "पण पाठ करून यायचं नाही. तुमचं बोलायचं."

"मला मोटारींशिवाय काही बोलता येत नाही."

"मग मोटारींवर बोला. आत्ताच बोला."

त्याने तिच्याकडे नीट बघून घेतलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. ती चेष्टा करत नव्हती. तसा तो पुढ्यातल्या मोटारीवर हात ठेवून अडखळत सांगायला लागला — ही एका विहिरीतली, पाच एचपीची... दोनदा जळून आली... आधीच्याने वेढे कमी टाकले होते... मग हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला, हात फिरायला लागले, डोळे चमकायला लागले. हा आवाज सुलक्षणाने एकाही सोमवारी ऐकला नव्हता. मधेच तो थबकला.

"दीपकला हे ऐकताना झोप यायची," तो म्हणाला.

ती हातभर सरकून त्याच्याजवळ बसली.

"मला नाही येत," ती म्हणाली. "पुढे?"